ऊन, उजेड आणि बिअरची बाटली

आपल्या मराठी भाषेंत 'ऊन' हा शब्द जितका सोयीचा तितकाच फसवा आहे. अंगणांत पडतें तें ऊन. आणि स्नानासाठीं घंगाळांत काढलेलें कढत पाणी, तेंहि ऊनच. सूर्याचा प्रकाश आणि वस्तूची उष्णता या वस्तुतः दोन निराळ्या गोष्टी. परंतु त्या बहुधा हातांत हात घालून येतात, म्हणून आपल्या पूर्वजांनीं दोघींना एकाच नांवानें हांक मारली. घरांतील वडील माणूस जेव्हां म्हणतें, "तें उन्हांत ठेवूं नकोस, नासेल," तेव्हां तो पदार्थ तापल्यामुळें नासणार आहे कीं उजेड लागल्यामुळें, हा प्रश्न कोणाच्या मनांतहि येत नाहीं. व्यवहारापुरतें तें वाक्य पूर्ण असतें. शास्त्राला मात्र तेवढ्यानें भागत नाहीं. उन्हाच्या पोटांतील या दोन शक्तींची ताटातूट करून, कोणता अपराध कोणाचा हें ठरविण्यास माणसाला किती काळ लागला, याचा एक मनोरंजक इतिहास बिअर या पेयाच्या निमित्तानें घडला आहे. तोच आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

आरंभींच एक गोष्ट सांगून टाकतों. बिअरची तरफदारी करणें हा या भाषणाचा हेतु नाहीं. जें पेय पुष्कळ घरांत कधींहि शिरलें नाहीं, त्याच्या इतिहासांतून घरोघरच्या दुधाच्या बाटलीविषयीं कांहीं शिकतां येतें, एवढ्यासाठींच हा विषय निवडला आहे.

नागपूरच्या ईशान्येस, कामठीच्या समोर, कन्हान नदीच्या पैलतीरावर कन्हान हें गांव वसलें आहे. सातपुड्यांत उगम पावलेली ही नदी पुढें जाऊन वैनगंगेस मिळते. नागपूर शहराची तहानहि बऱ्याच अंशीं हीच नदी भागविते. आसपास कोळशाच्या खाणी आहेत. वैशाख-ज्येष्ठांत येथील पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, आणि दुपारच्या वेळीं रस्ते ओस पडतात. ज्या प्रांतांत उष्णतेचा असा अंमल, तेथें जें कांहीं बिघडेल त्याचें खापर उष्णतेच्याच डोक्यावर फुटावें, हें साहजिक आहे. या कांठावर बिअर आली तीहि लष्कराबरोबर, आणि आली ती उष्णतेशीं झुंजत झुंजत.

१८१७ सालीं सीताबर्डीची लढाई झाली आणि नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत इंग्रजांचा पाय रोवला गेला. त्यानंतर चार वर्षांनीं, १८२१ सालीं, कन्हानच्या कांठीं कामठीची छावणी वसली. छावणी आली कीं तिच्याबरोबर तिचा शिधा आला, आणि गोऱ्या पलटणींच्या शिध्यांत मद्याला ठरलेलें स्थान होतें. साध्या शिपायाला प्रथम अर्राक आणि रम मिळे. या कडक दारूपेक्षां बिअर कमी अपायकारक, असें मत पुढें लष्करी वैद्यांत बळावत गेलें. साहेबांच्या मेजावर तर ती पूर्वीपासूनच होती. परंतु ती येई कोठून? विलायतेहून. आगगाडी नागपुरास पोंचली १८६७ सालीं, आणि सुएझचा कालवा खुला झाला १८६९ सालीं. तोंपर्यंत बिअरचीं पिपें आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाला वळसा घालून, दोन वेळां विषुववृत्त ओलांडून, चार-सहा महिन्यांनीं हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागत; आणि तेथून पुढें बैलगाडीचा प्रवास.

इतक्या प्रवासांत बिअर आंबून जाऊं नये म्हणून जी युक्ति योजिली गेली, ती समजण्यासाठीं बिअर म्हणजे काय हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. जवाला मोड आणावयाचे, ते भाजून भरडावयाचे, ऊन पाण्यांत त्यांची गोडी उतरवून घ्यावयाची, तो रस हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळावयाचा, आणि थंड झाल्यावर यीस्ट घालून तो आंबवावयाचा, झाली बिअर. या सगळ्यांत हॉपचें फूल हें मोठें गुणी. त्यांतील कडू अम्लें उकळतांना रूप पालटतात आणि बिअरला तिचा विशिष्ट कडवटपणा देतात. शिवाय पेय आंबट करणाऱ्या कित्येक जंतूंची वाढहि तीं रोखून धरतात. कडुनिंबाचा पाला धान्याच्या कोठींत घालणाऱ्या आपल्या गृहिणींना या युक्तीचें नवल वाटावयास नको.

लंडनच्या बो भागांतील हॉजसन यांच्या कारखान्याची फिकट रंगाची बिअर हिंदुस्थानांत फार खपे. पुढें १८२२ च्या सुमारास बर्टन गांवच्या सॅम्युएल ऑलसॉप यांनीं तशीच बिअर करण्याचें मनावर घेतलें. त्यांच्या माणसानें तिचा पहिला नमुना चहाच्या किटलींत केला, अशी आख्यायिका आहे. हिंदुस्थानकडे पाठविण्याच्या या बिअरींत हॉपचें प्रमाण मुद्दाम वाढविलेलें असे आणि आंबण्याजोगी गोडी शक्य तितकी कमी ठेविलेली असे. 'इंडिया पेल एल' या नांवानें ती पुढें जगप्रसिद्ध झाली. येथें येऊन पोंचल्यावर पुन्हां उष्णतेशीं सामना होताच. वाळ्याचे पडदे, सोऱ्याच्या पाण्यांत बाटली गार करणारे आबदार, १८३३ सालीं अमेरिकेहून कलकत्त्यास जहाजानें आलेला नैसर्गिक बर्फ, हीं सगळीं त्याच लढाईचीं शस्त्रें. हिंदुस्थानांतच बिअर गाळण्यास प्रारंभ झाला तोहि थंड हवेच्या शोधांतून; एडवर्ड डायर यांनीं आपला कारखाना हिमालयाच्या पायथ्यावरील कसौलीस काढला. पुढें मीकिन यांच्या कारखान्यांपैकीं एक आपल्या पुण्याजवळ खडकीसहि होता.

या सर्व काळांत बिअर हा उष्णतेला भिणारा पदार्थ आहे हें पक्कें ठरलें होतें, आणि तें खोटेंहि नव्हतें. परंतु ती उजेडालाहि भिते, हें कोणाच्या फारसें ध्यानांत येण्याचें कारणच नव्हतें. कारण ती उजेडांत येतच नसे. ओकच्या लांकडाचें पीप, जहाजाचा तळ, गुदामाचा काळोख आणि शेवटीं कथलाचा किंवा मातीचा पेला, हा तिचा जन्मापासून अंतापर्यंतचा मार्ग. बाटलींत भरली तरी ती बाटलीहि काळवंडलेली असे. आणि ती काळवंडलेली कां असे, याची कथा मोठी गमतीची आहे. १६१५ सालीं इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें कांचेच्या भट्टींत लांकूड जाळण्यास बंदी केली. हेतु हा कीं, जंगलें आरमाराच्या जहाजांसाठीं राखून ठेवावीं. कांच करणारे दगडी कोळशाकडे वळले. कोळशाच्या प्रखर, धुरकट आंचेंत आणि वाळूंतील लोहाच्या अंशामुळें जी कांच निघूं लागली ती जाड, मजबूत आणि जवळजवळ काळी होती. अर्थात् बाटलीचा काळेपणा हा कोणा शास्त्रज्ञानें योजिलेला उपाय नव्हता. राजाला जहाजें हवीं होतीं, त्याचा तो दूरचा परिणाम होता. बिअरला मात्र फुकटांत छत्री मिळाली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही छत्री नाहींशी होण्याची वेळ आली. १८४२ सालीं बोहेमियांतील पिल्झेन शहरांत योसेफ ग्रोल यानें सोन्यासारख्या पिवळ्याधमक आणि नितळ बिअरचा पहिला घाणा काढला. तोंपर्यंतची बहुतेक बिअर गडद किंवा गढूळ असे. ही नवी बिअर पाहण्याजोगी होती. १८४५ सालीं इंग्लंडांत कांचेवरील कर उठला आणि कांचेचीं भांडीं स्वस्त होण्याचा मार्ग मोकळा झाला. नितळ पेय आणि नितळ पेला यांची अशी गांठ पडली. जें सुंदर दिसतें तें झांकून कोण ठेवील? बिअर उजेडांत आली, बागेंतल्या मेजांवर आली, दुकानाच्या खिडकींत आली. आणि तिला ऊन बाधूं लागलें.

ही बाधा शास्त्राच्या दप्तरीं नोंदविली गेली ती १८७५ सालीं. बव्हेरियांतील वाइहेनस्टेफान येथें मद्यनिर्मितीचें शिक्षण देणारे कार्ल लिंटनर यांनीं असें नमूद केलें कीं, प्रकाशांत ठेवलेल्या बिअरला एक प्रकारची दुर्गंधि व वाईट चव येते. निरीक्षण अचूक होतें. कारण मात्र त्या काळच्या रसायनशास्त्राच्या आटोक्याबाहेर होतें. आणि योग असा कीं, पुढच्याच वर्षीं, १८७६ सालीं, लुई पाश्चर यांचा बिअरवरील प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. बिअर बिघडते ती परक्या सूक्ष्म जंतूंमुळें, आणि ती विशिष्ट मर्यादेपर्यंत तापविली असतां ते जंतु मरतात, हें त्या संशोधनाचें सार. १८८३ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत एमिल हान्सेन यांनीं शुद्ध यीस्ट वाढविण्याची रीति सिद्ध केली. बिअर बिघडण्याच्या प्रश्नाला जंतु हें इतकें समर्पक उत्तर सांपडल्यावर दुसऱ्या उत्तराची निकड कोणास वाटणार? आणि बिचाऱ्या प्रकाशाचा गुन्हा असा कीं, त्यांत जंतूंचा कांहींच हात नाहीं. उत्तम शुद्ध केलेली, गाळलेली, तापवून निर्जंतुक केलेली बिअरहि उन्हांत कांहीं मिनिटांतच बिघडूं शकते.

या कोड्याचा एक धागा हातीं लागला तो बिअरच्या नव्हे, तर आहारशास्त्राच्या बाजूनें. १९३० नंतरच्या दशकांत पॉल कारर आणि रिशार्ट कून या रसायनशास्त्रज्ञांनीं 'ब' वर्गांतील एका जीवनसत्त्वाची रचना उलगडली. त्याचें नांव रिबोफ्लेविन. तेंच जीवनसत्त्व 'ब-२'. हें द्रव्य पिवळें असतें, आणि पिवळें असतें याचाच अर्थ असा कीं, तें प्रकाशांतील निळे-जांभळे किरण गिळून टाकतें. दुधाच्या निवळीला जी हिरवट पिवळी झांक असते ती याचीच. जवांत आणि यीस्टमध्येंहि तें असतें, म्हणून बिअरींत तें आपसूकच उतरतें.

दुसरा धागा जपानांत हातीं आला. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभीं कुरोइवा, हाशिमोतो व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, उन्हाच्या त्या दुर्गंधीच्या मुळाशीं तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: हॉपचीं कडू अम्लें, गंधकयुक्त द्रव्यें आणि प्रकाश टिपणारें रिबोफ्लेविन. तिसरा धागा अगदीं अलीकडचा. २००१ सालीं बेल्जममधील घेंट विद्यापीठ आणि अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ यांतील रसायनशास्त्रज्ञांनीं, लेझर प्रकाशाचा क्षणमात्र झोत टाकून, सेकंदाच्या लक्षांश भागापुरते जगणारे रेणूंचे तुकडे उपकरणांत पकडले आणि ही क्रिया पायरीपायरीनें कशी घडते तें प्रत्यक्ष दाखविलें. लिंटनर यांच्या नोंदीपासून या प्रयोगापर्यंत १२६ वर्षें लोटलीं होतीं.

ती क्रिया साध्या भाषेंत सांगावयाची तर अशी. निळा किरण बाटलींत शिरतो. रिबोफ्लेविनचा रेणु तो गिळतो आणि क्षणभर प्रक्षुब्ध होतो. ही प्रक्षुब्धता तो हॉपच्या कडू अम्लाच्या रेणूवर सोंपवितो. त्या रेणूच्या शेंपटीचा एक दुवा मुळांतच नाजूक असतो, तो तुटतो. तुटलेला तुकडा आणखी थोडा झिजतो आणि बिअरमधील प्रथिनांच्या अंशांतून आलेल्या गंधकाशीं जुळतो. जें नवें संयुग बनतें तें गंधकाच्या त्या घराण्यांतलें, ज्यांत कांदा, लसूण व हिंग यांच्या उग्र वासांचे नातलग मोडतात. अमेरिकेंत स्कंक नांवाचा एक प्राणी संकट आलें असतां दुर्गंधीचा फवारा उडवितो. त्याच्या फवाऱ्यांतील द्रव्यें या संयुगाचीं जवळचीं भावंडें असल्यामुळें तिकडचे लोक अशा बिअरला त्या प्राण्याचेंच नांव देतात. आपल्याकडे तो प्राणी नाहीं. परंतु भांगेची वनस्पति आहे. हॉप आणि भांग या एकाच कुळांतल्या वेली-वनस्पती, आणि भांगेच्या फुलोऱ्याच्या उग्र दर्पांतहि हेंच संयुग असल्याचें २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळून आलें.

या संयुगाचें सामर्थ्य विलक्षण आहे. एका लिटरांत त्याचे थोडे नॅनोग्रॅम असले, तरी माणसाच्या नाकाला तें कळतें. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जांश. पांच नॅनोग्रॅमचा हिशेब धरला तर एक ग्रॅम द्रव्य वीस कोटि लिटर बिअर बिघडविण्यास पुरे. इतक्या अल्प प्रमाणांतील वस्तु पकडणारीं उपकरणें विसाव्या शतकापर्यंत नव्हतीं. नाक मात्र होतें. म्हणूनच लिंटनर यांना दोष कळला, परंतु दोषी सांपडला नाहीं.

यांतील मर्माची गोष्ट पाहा. ज्या हॉपनें बिअरला उष्ण समुद्रांतून आणि बैलगाडीच्या वाटेनें कामठीपर्यंत सुखरूप आणलें, तोच हॉप उजेडापुढें सर्वांत दुबळा ठरतो. एका शत्रूविरुद्ध जी ढाल, तीच दुसऱ्या शत्रूची वाट. उलट, विदर्भांतील मोहाची दारू घ्या. रामटेकच्या रानांत जो मोह फुलतो त्याच्या फुलांपासून ती गाळली जाते. तींत इतर अनेक दोष असतील. परंतु हॉप नसल्यामुळें हा एक दोष तिच्यांत निपजूंच शकत नाहीं.

आतां उष्णता आणि प्रकाश यांच्या ताटातुटीचा मुद्दा स्पष्ट करतां येईल. बिअर अंधाऱ्या परंतु तापलेल्या खोलींत ठेविली तर तीहि बिघडते. पण ती हळूहळू, दिवसां-आठवड्यांनीं बिघडते, आणि तिला शिळेपणाची, ओल्या कागदासारखी चव येते. उलट ती बर्फासारख्या थंडगार, परंतु झगझगीत प्रकाशाच्या कपाटांत ठेविली, तर कागदाची चव येणार नाहीं, पण गंधकाचा तो वास येऊं शकेल. १९३८ च्या सुमारास बाजारांत आलेल्या नळीच्या दिव्यांनीं तर हें संकट घरांत आणून बसविलें. त्यांच्या थंड भासणाऱ्या उजेडांतहि निळ्या किरणांचा पुरेसा भाग असतो. तेव्हां कन्हानच्या भर उन्हांतून येणारा गिऱ्हाईक दुकानाच्या कांचेच्या, दिव्यांनीं उजळलेल्या थंड कपाटांतून बाटली काढतो, ती बिघडलेली निघते, आणि तो म्हणतो कीं, येथील उकाड्यानें माल नासला किंवा दुकानदारानें शिळा माल गळ्यांत मारला. दोन्ही आरोप खोटे असूं शकतात. खरा गुन्हेगार डोक्यावर शांतपणें जळत असतो.

रोगाचें निदान होण्यापूर्वींच औषध सांपडावें, असें वैद्यकांत पुष्कळदां घडतें. येथेंहि तसेंच झालें. कांचेंत लोह, गंधक आणि कोळशाचा अंश योग्य प्रमाणांत असला कीं ती मधाच्या रंगाची तपकिरी होते. हा रंग नेमके निळे-जांभळे किरण अडवितो. हिरवी कांच त्यांतील बराच भाग आंत सोडते, आणि पांढरी नितळ कांच तर जवळजवळ सगळाच. कारण कळलेलें नसतांहि तपकिरी बाटलींत बिअर टिकते हा अनुभव कारखानदारांना आला, आणि ती बाटली रूढ झाली. आपल्या देशांत ६५० मिलिलिटरची जी तपकिरी बाटली सर्वत्र दिसते आणि रिकामी झाल्यावर भंगारवाल्याच्या पोत्यांतून पुन्हां कारखान्याकडे परतते, ती याच अनुभवाची वारस.

या ठिकाणीं महाराष्ट्रांतील कांचधंद्याची आठवण होते. लोकांकडून एकेक पैसा जमवून अंताजी दामोदर काळे यांनीं उभारलेल्या पैसा फंडाचा कांच कारखाना १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें सुरू झाला. १९१६ सालीं ओगले बंधूंनीं कऱ्हाडजवळ आपला कारखाना काढला, आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील पुढें खेड्यापाड्यांतून उजेड पाडूं लागला. कंदिलाच्या चिमणीची कांच जितकी नितळ तितकी चांगली. तिला वाळूंतील लोहाचा अंश म्हणजे कलंक, कारण त्यानें कांच हिरवट होते आणि उजेड अडतो. बाटलीच्या कांचेला तोच कलंक भूषणावह. एकीचें काम उजेड बाहेर जाऊं देण्याचें, दुसरीचें तो आंत न येऊं देण्याचें. पदार्थाचा गुण आणि दोष हे त्याच्या अंगीं नसून त्याच्या कामांत असतात, याचें याहून सोपें उदाहरण सांपडणार नाहीं.

मग हिरव्या आणि पांढऱ्या बाटल्या अजूनहि कां विकल्या जातात? कारण गिऱ्हाईक डोळ्यांनीं विकत घेतें. नितळ बाटलींतील सोनेरी पेय मन ओढतें, आणि हिरवी बाटली कित्येकांना परदेशी प्रतिष्ठेची खूण वाटते. विनोदाची गोष्ट अशी कीं, अशा बाटल्यांतून पुन्हां पुन्हां तोच गंधकी वास आल्यामुळें कांहीं रसिक त्यालाच विलायती बिअरचा अस्सल सुवास समजूं लागले. दोषाची संवय झाली कीं तो गुण वाटूं लागतो. कारखानदारांनीं यावर दोन तोडगे काढले. एक साधा: १९३५ सालीं अमेरिकेंत बिअर पत्र्याच्या डब्यांतून विकावयास आली, पत्र्यांतून उजेड शिरण्याचा प्रश्नच नाहीं. दुसरा रासायनिक: हॉपच्या अम्लाचा जो नाजूक दुवा तुटतो, तोच हायड्रोजनच्या साहाय्यानें आधीं पालटून टाकावयाचा, म्हणजे प्रकाशाला तोडण्याजोगें कांहीं उरत नाहीं. पांढऱ्या बाटलींतून बिअर विकणाऱ्या मिलरसारख्या अमेरिकन कारखान्यांनीं १९६० नंतर हा मार्ग धरला. बाटलीला रंग देण्याऐवजीं हॉपलाच निराळें रूप दिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

येथपर्यंतची हकीकत पिणाऱ्यांची आणि विकणाऱ्यांची झाली. परंतु ज्यांच्या घरीं बिअर कधींच यावयाची नाहीं, त्यांच्याशीं या कथेचा संबंध रिबोफ्लेविनच्या द्वारें येतो. बिअरपेक्षां दुधांत हें जीवनसत्त्व कितीतरी अधिक असतें, आणि प्रकाश टिपण्याचा त्याचा स्वभाव तेथेंहि सुटत नाहीं. दूध उन्हांत राहिलें तर दोन गोष्टी घडतात. त्यांतील प्रथिनांच्या गंधकयुक्त अंशावर प्रकाशाची क्रिया होऊन त्याला एक जळकट, उकडलेल्या कोबीसारखी चव येते. आणि या उलाढालींत रिबोफ्लेविन स्वतःहि नष्ट होतें. नितळ कांचेच्या बाटलींतील दूध प्रखर उन्हांत दोन तास राहिलें तर त्यांतील या जीवनसत्त्वाचा निम्म्याहून अधिक भाग नाहींसा होऊं शकतो. बिअर बिघडली तर पिणाराचें तोंड कडू होईल, एवढेंच; दुधाच्या बाबतींत मुलाच्या तोंडचा घांस कमी होतो, आणि दूध फाटलेलें नसल्यामुळें तें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं.

१९४९ सालीं मुंबईस आरे येथें दुग्ध-वसाहत स्थापन झाली, आणि पुढें कित्येक वर्षें शहरांतील घराघरांत पातळ धातूच्या बुचांच्या नितळ कांचेच्या बाटल्यांतून दूध पोंचत असे. स्वच्छतेच्या दृष्टीनें ती मोठीच सुधारणा होती. दुधांत पाणी घालण्याला तिनें आळा बसला. परंतु दारांत आलेली ती बाटली सकाळच्या कोंवळ्या उन्हांत किती वेळ उभी राहते, हा प्रश्नहि तितकाच महत्त्वाचा होता. आज दूध पिशव्यांतून आणि खोक्यांतून येतें, दुकानांतल्या दिव्यांखालीं मांडलें जातें; प्रश्न बदललेला नाहीं. पारदर्शक बाटलींतून दिसणारें शुभ्र दूध अधिक शुद्ध असतें, ही समजूत बिअरच्या सोनेरी बाटलीइतकीच फसवी आहे.

आपल्या जुन्या घरांकडे पाहिलें तर या बाबतींत एक निराळेंच शहाणपण आढळतें. लोणचें चिनी मातीच्या बरणींत, तूप तांब्या-पितळेच्या झांकणाच्या भांड्यांत, तेल माजघराच्या कोपऱ्यांत, औषधी काढे फडताळाच्या आंत. घरांतील सर्वांत थंड जागा बहुधा सर्वांत अंधारी असे, आणि म्हणून उष्णता व प्रकाश या दोघांपासून पदार्थाचें एकाच वेळीं रक्षण होई. कोणत्या शत्रूपासून आपण तो वांचविला, हें समजण्याची गरज पडत नसे. थंडी आणि काळोख यांची ती जुनी जोडी विजेच्या थंड कपाटानें प्रथम फोडली. त्या कपाटाच्या दाराला कांच बसली, आंत दिवा लागला, आणि थंड असूनहि उजळलेली अशी एक जागा माणसाच्या इतिहासांत नव्यानेंच निर्माण झाली. जुनी संवय तेथें उपयोगी पडत नाहीं. तेथें कारण ठाऊक असावें लागतें. रूढीचें शहाणपण परिस्थिति बदलेपर्यंतच पुरतें, आणि परिस्थिति बदलली म्हणजे शास्त्राची गरज लागते, तें असें.

कामठीच्या छावणींत पहिलीं पिपें उतरलीं त्याला सुमारें दोनशें वर्षें झालीं. नदी तीच, ऊन तेंच. आज तेथें आपल्या देशाच्या सेनेचें ठाणें आहे. त्या काळीं ज्यांनीं उकाड्याशीं झुंजण्यांत आपली सारी कल्पकता वेंचली, त्यांना दुसऱ्या शत्रूची ओळख नव्हती, कारण लांकडी पिपानें आणि काळ्या बाटलीनें तो दाराबाहेरच अडविला होता. आपल्याला तो ओळखतां येतो. तेव्हां येत्या उन्हाळ्यांत "हें उन्हांत ठेवूं नकोस" असें घरांत कोणी म्हटलें, म्हणजे त्या एका शब्दांतील दोन अर्थ आठवावे. पदार्थ गार आहे ना, हें हातानें पाहावें. आणि तो झांकलेला आहे ना, हें डोळ्यांनीं पाहावें. दूध असो, तेल असो, औषध असो कीं बिअर असो, दोन्ही उत्तरें होय अशीं आलीं, तरच ऊन खरोखर चुकविलें असें म्हणतां येईल.